स्वस्ताईच्या आठवणी आणि महागाईचे वाङ्मय

दिवाळी तोंडावर आली की घरात दोन गोष्टी हटकून शिरतात. एक भाजणीचा खमंग वास आणि दुसरी जुन्या काळच्या स्वस्ताईची गोष्ट. पूर्वी ही गोष्ट आजोबा सांगत आणि ती सांगताना अडकित्त्याने सुपारी कातरीत. आता आजोबांचे काम मोबाइलने पत्करले आहे. सकाळी डोळे उघडावेत तो पडद्यावर यादी हजर: सन १९६७, सोन्याचा भाव इतका, गव्हाचा इतका, सिनेमाच्या तिकिटाचा इतका, आणि खाली एक उसासा. वाचणाराही उसासा टाकतो आणि यादी पुढे ढकलतो.

गेल्या वर्षी अशीच एक यादी मी वर्गात वाचून दाखवली. सातवीतला एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मग तेव्हा सगळे श्रीमंत होते का?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचे उत्तर शोधण्याच्या निमित्ताने मी त्या काळातली काही पुस्तके पुन्हा काढून बसलो आणि एक गोष्ट ध्यानात आली. ही भावांची यादी हादेखील एक वाङ्मयप्रकारच आहे. आजच्या घडीला मराठीत सर्वांत अधिक वाचला जाणारा तोच असावा! तेव्हा कथा-कादंबरीला आपण जी कसोटी लावतो ती हिलाही लावायला हरकत नसावी. विद्यापीठातल्या समीक्षकांची शस्त्रे माझ्यापाशी नाहीत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. पण उदाहरणाचा ताळा करून पाहणे हे मास्तराचे रोजचे काम आहे, आणि या यादीत ताळाच जुळत नाही. तिच्यात भाव आहे, पण गिऱ्हाईक नाही. वस्तू आहे, पण ती मिळण्यासाठी उभी असलेली रांग नाही. कथाकाराने पात्रच घातले नाही तर आपण त्याची गोष्ट परत पाठवू. यादीला मात्र सगळे माफ!

आता पात्र घालून पाहू. शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने १९६६ साली आपला अहवाल दिला. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला सुरुवातीला दरमहा निदान १२५ रुपये तरी मिळावेत, अशी त्यात शिफारस होती. शिफारस होती, म्हणजे कित्येकांना तेवढेही मिळत नव्हते हे उघड आहे. १९६८ च्या सुमारास सरकार शेतकऱ्याकडून गहू घेई तो क्विंटलला ७६ रुपयांनी. म्हणजे दुकानदाराचा नफा, हमाली, वाहतूक काही न धरता त्या गुरुजींच्या सबंध महिन्याच्या पगारात दीड क्विंटलच्या थोडा वर गहू आला असता. २०२५-२६ च्या हंगामाचा गव्हाचा सरकारी हमीभाव क्विंटलला २४२५ रुपये होता. आजच्या शिक्षकाच्या पगारात त्या भावाने किती पोती येतील, हे वाचकांनी स्वतःच मांडून पाहावे. सोन्याचे गणित उलटे येते, हे मी दडवून ठेवणार नाही. त्या काळात दहा ग्रॅम सोने दोनशे रुपयांच्या आत होते आणि पगाराच्या मानाने ते आजच्यापेक्षा खरोखरच हाताशी होते. पण सोने काही कुणी ताटात वाढून घेत नाही. यादी सोन्यापासून सुरू होते आणि उसासा धान्यावर टाकला जातो, ही तिची चलाखी आहे.

शिवाय ती वर्षे कोणती? १९६५-६६ आणि १९६६-६७ असे लागोपाठ दोन दुष्काळ पडले. याच काळात पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी एक वेळचे जेवण सोडण्याची हाक दिली होती आणि घरोघरी ती पाळलीही गेली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांना मिळणारा डॉलर साडेसात रुपयांना झाला. १९६६ आणि १९६७ या दोन्ही वर्षी किमती दहा टक्क्यांहून अधिक चढल्या. अमेरिकेहून बोटीने येणाऱ्या गव्हाची वाट सारा देश पाहत होता. १९६७-६८ च्या हंगामापासून साखरेला तर दोन भाव आले. कारखान्याची साठ टक्के साखर सरकार ठरावीक दराने घेऊन रेशनवर देई आणि उरलेली खुल्या बाजारात जाई. एकाच करंजीच्या सारणात दोन भावांची साखर! ज्या काळाला आपण स्वस्ताई म्हणतो, त्या काळातली माणसे त्याला महागाई म्हणत होती. चुकत कोण असेल, ते की आपण?

त्या माणसांची साक्ष काढायची तर त्यांच्या वाङ्मयाकडे गेले पाहिजे. सुरुवात अर्थातच विनोदापासून करावी, कारण मराठी मध्यमवर्गाने आपली महागाई प्रथम हसण्यावारी नेली. त्या काळचे कुठलेही दिवाळी अंक चाळा. 'आवाज'च्या खिडकीचित्रांपासून घरगुती मासिकांतल्या चुटक्यांपर्यंत साखर, घासलेट, जागा आणि पहिली तारीख ही चार पात्रे पुन्हापुन्हा भेटतात. पु. ल. देशपांडे यांचे 'असा मी असामी' १९६४ चे. त्यातले धोंडो भिकाजी जोशी हे कारकून. काळ बदलला हे त्यांना वर्तमानपत्रातून कळत नाही. घरात येणाऱ्या वस्तूंवरून आणि अंगावर चढणाऱ्या कपड्यांवरून ते कळते. मला हे फार खरे वाटते. सामान्य माणसाच्या घरात इतिहास पुढच्या दाराने येत नाही, तो वाण्याच्या पिशवीतून येतो. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'प्रपंच' लागे, तेव्हा प्रभाकर जोशी यांचे पंत, नीलम प्रभू यांच्या मीनावहिनी आणि बाळ कुरतडकर यांचे टेकाडे भावजी हे ऐकणाऱ्यांना शेजारच्या बिऱ्हाडातलेच वाटत. ज्यांनी ते कार्यक्रम ऐकले, ते आजही त्या तिघांविषयी नातेवाइकांविषयी बोलावे तसे बोलतात. समीक्षेच्या पुस्तकांत या श्रुतिकांना जागा नाही. मला तो अन्याय वाटतो. रोजचे बोलणे, रोजची काटकसर, नवराबायकोची रोजची लुटुपुटूची भांडणे यांची जितकी नेमकी नोंद तिथे झाली तितकी पुष्कळ नावाजलेल्या कादंबऱ्यांत झालेली नाही.

हा विनोद हलका म्हणून त्याला नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. रांगेत तासभर उभे राहून आलेल्या माणसाला संध्याकाळी हसायला लावणे हे पुण्याचेच काम. पण त्या विनोदाला एक कुंपण होते. त्याच्या आत पहिल्या तारखेला पगार येणारी माणसे राहत. महिन्याचे शेवटचे आठ दिवस ओढाताणीचे, पण पुढचा महिना येणार ही खात्री पक्की. हसू त्या खात्रीतून येते. ज्याला उद्याची खात्री नाही तो महागाईवर विनोद करीत नाही. आणि एक मौज पाहा. या विनोदी कथांत बायकोच्या हातात लाटणे हमखास असे आणि ते नवऱ्याला दाखवण्यापुरतेच असे. सत्तरीच्या आरंभी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या, तेव्हा हजारो बायकांच्या हातात तेच लाटणे होते. या लाटण्याचे दुसरेही काही करता येते, हे आमच्या विनोदी लेखकांना सुचले नव्हते. स्वयंपाकघरातल्या बाईला सुचले.

त्या वेळच्या सिनेमाने दुसरी वाट धरली. महागाईला त्याने चेहरा दिला, साठेबाजाचा. १९६७ चा मनोजकुमारचा 'उपकार' शास्त्रीजींच्या 'जय जवान, जय किसान' या घोषणेवर बेतलेला. त्यात थोरला भाऊ शेतात राबतो आणि शहरात शिकून आलेला धाकटा काळ्या बाजाराच्या नादी लागतो. प्रेक्षक खलनायकावर दात-ओठ खातात, शेवटी न्याय होतो आणि मंडळी हलक्या मनाने घरी जातात. दुसऱ्या दिवशी रेशनच्या दुकानावर रांग तेवढीच! साठेबाज नव्हते असे नाही, पुष्कळ होते. पण दोन वर्षे पाऊस न पडणे, परदेशी चलनाचा खडखडाट, शेतीकडे झालेले दुर्लक्ष या गोष्टींना मिशा लावून पडद्यावर उभे करता येत नाही, ही सिनेमाची अडचण. भालजी पेंढारकरांचा १९६५ चा 'साधी माणसं' मला त्या मानाने प्रामाणिक वाटतो. लोहाराच्या जोडप्याची ती गोष्ट. तिच्यात कष्टाला वजन आहे, भात्याला धग आहे. 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांनी दिलेले संगीत लोकांच्या ओठांवर राहिले आणि गोष्ट मागे पडली, याला इलाज नाही.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. तिची दखल वाङ्मयाने घ्यायला हवी होती त्या मानाने थोडी घेतली. नोव्हेंबर १९६७ मध्ये मुंबई, पुणे आणि नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. त्याआधी जाहिरातींची गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन लावावे लागे. अमीन सयानींच्या गोड आवाजातून दंतमंजनही गोड लागे. आता आपल्याच केंद्रावरून साबण, तेल, पावडर घरात येऊ लागली. ज्या साली साखरेला दोन भाव झाले त्याच साली हवेहवेसे वाटण्याचीही सोय झाली! पगार तोच, टंचाई तीच, पण हौस मात्र रोज नवी. त्या पिढीच्या मुलांनी आईबापांकडे काय काय मागितले आणि आईबापांनी काय काय सांगून ते टाळले, यावर एक सबंध कादंबरी व्हावी.

पण महागाईचे खरे वाङ्मय लिहिले गेले ते कुंपणाबाहेर. नारायण सुर्वे यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. गिरणगावात वाढलेला हा कवी महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई होता, मग शिक्षक झाला. म्हणून माझ्या व्यवसायाचा थोडा अभिमान मी इथे बाळगतो. सुर्वे यांच्या कवितेत भाकरी येते ती अलंकार म्हणून येत नाही. ती मिळवावी लागते. तिच्यासाठी पाळी भरावी लागते, भोंग्याबरोबर उठावे लागते. ज्या शब्दांनी कवी गिरणीतल्या सोबत्याशी बोलत असेल तेच शब्द कवितेत आले आणि आजवर कवितेच्या ओसरीवर ताटकळत असलेली माणसे माजघरात येऊन बसली.

भाऊ पाध्ये यांचे 'वासूनाका' १९६५ चे. आचार्य अत्रे यांनी 'मराठा'तून त्यावर अशी झोड उठवली की पुस्तक न वाचलेल्यांनाही त्यातले काय वाचू नये हे ठाऊक झाले. दिवाळीच्या फराळाबरोबर मोठ्याने वाचून दाखवण्याचे ते पुस्तक नव्हे, हे मान्य. पण नाक्यावर उभ्या असलेल्या त्या पोरांना काम नाही, घरात बसायला जागा नाही, हे अश्लीलतेच्या गदारोळात विसरले गेले. पाध्ये यांच्याच 'वैतागवाडी'त मुंबईतल्या जागेची वणवण आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठवली. कागदावर जागा स्वस्त झाली आणि प्रत्यक्षात पागडी दिल्यावाचून मिळेनाशी झाली. आपल्या मोबाइलच्या यादीत 'चाळीतली खोली, भाडे इतके' असा एक रकाना असतोच. पागडीचा रकाना तिथे कधी पाहिला आहे?

आणि १९६९ साली बाबुराव बागूल यांचा 'मरण स्वस्त होत आहे' हा कथासंग्रह आला. मला वाटते, त्या दशकातल्या किमतींविषयीचे सर्वांत अचूक विधान या चार शब्दांच्या नावात आहे. अर्थशास्त्राच्या ग्रंथांत ते सापडायचे नाही. नाव सावकाश वाचावे. 'मरण स्वस्त आहे' असे बागूल म्हणत नाहीत. तसे म्हटले असते तर ते नुसते कडवट सुभाषित झाले असते. 'होत आहे' म्हणतात. म्हणजे भाव उतरतो आहे, दिवसागणिक उतरतो आहे; बाजारात बाकी सारे चढत असताना तेवढी एकच वस्तू उतरते आहे. बाजाराच्या पानावरची ही भाषा मरणाला लावताना लेखकाचा आवाज चढत नाही. माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेल्या, रेल्वेच्या कारखान्यात काम केलेल्या या लेखकाने झोपडपट्टीतली, फुटपाथवरची माणसे पाहिली होती. रेशनची रांग दुःखाची असते हे आपण समजतो. पण रांगेत उभे राहायला कार्ड लागते, कार्डाला पत्ता लागतो आणि पत्त्याला घर लागते. ज्याला यांतले काहीच नाही त्याची महागाई कुठल्या यादीत मांडायची? ती बागूलांच्या कथांत मांडलेली आहे. त्या कथा कधी कधी फार ताणल्या जातात; क्रौर्यावर क्रौर्य रचले जाते आणि वाचक बधिर होतो, हा दोष मला जाणवतो. तरीही धोंडो भिकाजींच्या शेजारी हे पुस्तक ठेवल्याशिवाय ते दशक पुरे होत नाही. दोघेही एकाच शहरात राहत होते.

इथवर मुंबईचेच झाले. मी राहतो तो गाव ओवे, तालुका पनवेल. तेव्हाचा कुलाबा जिल्हा, १९८१ पासूनचा रायगड. साठीच्या शेवटी इथे भाताची शेते होती, खाडी होती, आणि ठाण्याच्या खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ साली झाला तोवर मुंबई दिसायला जवळ आणि जायला लांब होती. गावातल्या एका वृद्ध बाईंना मी त्या वेळचे भाव विचारले. त्या हसल्या. "पैसा व्हता कोनाकरं?" म्हणाल्या आणि मग भाताचा हिशेब सांगू लागल्या. लुगड्याला इतके भात, मिठाला इतके, लग्नाला इतके. रुपयाचा आकडा एकही नाही. मला तेव्हा उमगले की आपले महागाईचे सगळे वाङ्मय, विनोदी काय आणि विद्रोही काय, विकत घेणाऱ्याचे आहे. विकणाऱ्याचे नाही. धान्य महागले म्हणून चाळीत हाहाकार झाला ही गोष्ट शंभरदा सांगितली गेली. धान्य पिकवणाऱ्याच्या पदरात त्या महागाईतले काय पडले, मधल्या हातांनी किती ठेवून घेतले, ही गोष्ट क्वचितच.

आमच्या भागावर लिहिणारे नव्हते असे नाही. खोपोलीचे र. वा. दिघे यांनी 'पाणकळा', 'पड रे पाण्या' यांसारख्या कादंबऱ्यांतून इथला शेतकरी आणि त्याचा पाऊस उभा केला, पण तो आधीचा काळ. गो. नी. दांडेकरांची 'जैत रे जैत' १९६५ ची. कर्नाळ्याच्या परिसरातले ठाकर, त्यांचा ढोल, डोंगरातली मधाची पोळी यांची ती कादंबरी. दांडेकरांच्या भाषेवर माझा जीव आहे आणि तो सुळका मी रोज पाहतो, म्हणून थोडा पक्षपातही असेल. परंतु त्या कादंबरीची ओढ देवाकडे, डोंगराकडे, माणसाच्या जिद्दीकडे आहे, बाजाराकडे नाही. ठाकर डोंगरातून खाली पनवेलच्या पेठेत उतरला की त्याच्या मधाचे काय होते, हे विचारण्यासाठी दुसरा लेखक हवा होता. तो आला नाही.

आणि नेमक्या त्याच वेळी सर्वांत मोठा भाव ठरत होता. मुंबईची गर्दी हटवण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा विचार १९६५ पासून मुंबईतल्या वास्तुशिल्पकारांत चालला होता. मार्च १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण या भागांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. ओवे त्यांतलेच. इथल्या माणसाने जमिनीचा भाव कधी काढलाच नव्हता, कारण ती विकायची वस्तूच नव्हती. तिच्यावर काय पिकते तेवढे तो जाणत होता. तो भाव दुसऱ्याने काढला. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये आंदोलन पेटले, गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीचे धोरण आले. आज त्याच शेतांवर खारघरचे मनोरे उभे आहेत. तिथल्या एका खोलीच्या किमतीत तेव्हा सगळा गाव आला असता, असे आमच्याकडे म्हणतात. ही आमची मोबाइलवर न येणारी यादी.

या उलथापालथीवर लेख निघाले, स्मरणिका निघाल्या. कादंबरी मात्र मोजकी आणि तीही बहुतेक संघर्षाच्या दिवसांची. मला हवी ती कादंबरी त्याच्या आधीची आहे. १९६७-६८ सालची, पावसाने दडी मारल्यानंतरची. गावात रेडिओ एकाच घरी असतानाची. तिच्यातला शेतकरी अंगणात बसून भात मोजतो आहे; रेडिओवर पहिल्यांदाच साबणाची जाहिरात लागली आहे; बायकोला तो साबण हवा आहे, आणि तो किती पायली भाताला पडेल याचा हिशेब नवरा बोटांवर करतो आहे. गावातल्या कित्येक घरांत पत्र्याच्या ट्रंकेच्या तळाशी भूसंपादनाच्या नोटिसा अजून जपून ठेवलेल्या आहेत. गट क्रमांक, क्षेत्र, रक्कम, खाली अंगठा. लिहू पाहणाऱ्याने आधी त्या वाचाव्यात. ट्रंक उघडून दाखवायला घरची माणसे नाही म्हणत नाहीत, चहाही देतात.